शूस्टरांच्या घरातले त्साइडलर

मी त्साइडलर हे आडनाव बोलते आहे. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या अंगणात, कॉफीच्या टेबलाभोवती जो वाद झाला, त्यातला माझा भाग आरंभीच स्पष्ट सांगून टाकते. वाद माझ्यावरून झाला, मी तेथे पूर्ण वेळ उपस्थित होते आणि मला कोणी काहीही विचारले नाही. आडनावांना विचारण्याची पद्धतच नाही. आम्हांला लिहितात, पुकारतात, चुकीचे उच्चारतात आणि शेवटी दगडावर कोरतात. मत मात्र घेत नाहीत. म्हणून हे निवेदन.

माझा जन्म लाडाने झालेला नाही, अडचणीतून झाला. काही शतकांपूर्वी जर्मनीतल्या न्यूर्नबर्गच्या भोवतालच्या खेड्यांत पुरुषांची नावे इतकी मोजकी होती, की कोणी ‘हान्स!’ अशी हाक मारली तर अर्धे गाव वळून पाहत असे. सारा गोळा करणाऱ्या कारकुनाची यामुळे पंचाईत होई. कोणत्या हान्सने धान्य घातले आणि कोणत्या हान्सने चुकवले, हे त्याने ओळखावे कसे? मग तो विचारू लागला, “हा हान्स करतो काय?” गिरणीवर दळतो, तो हान्स म्युलर. ऐरणीवर ठोकतो, तो हान्स श्मिट. कपडे शिवतो, तो हान्स श्नायडर.

“आणि तो वर देवदाराला लटकलेला?”

“तो होय? तो त्साइडलर.”

त्साइडलर म्हणजे रानातल्या मधमाश्या राखणारा. दोराच्या आधाराने उंच झाडावर चढायचे, जिवंत खोडात ढोली कोरायची, तीत माश्यांना वसवायचे, आणि पुढे धुराने त्यांना बाजूला सारून पोळे कापायचे, तेही माश्यांचा हिवाळ्याचा वाटा त्यांच्यापाशी ठेवून. त्या काळी मध म्हणजे गोडी आणि मेण म्हणजे उजेड. दोन्ही माझ्या माणसांच्या हातात होते. साहजिकच मी मानात वाढले. त्साइडलरांना हिरवा पोशाख होता, खांद्यावर धनुष्य बाळगण्याची मुभा होती आणि आपापसांतली भांडणे सोडवण्यासाठी स्वतःचे न्यायासन होते. म्युलरांना असले काही नव्हते. त्यांच्यावर पीठ चोरल्याचा संशय तेवढा होता.

मग साखर आली आणि मधाचा रुबाब उतरला. हळूहळू झाडांवरचे दोर सुटले. माझी माणसे सुतार झाली, शिपाई झाली, एकजण तर न्हावी झाला. माणसे धंदा सोडतात, पण आडनाव सोडत नाहीत. त्यांना सोडण्याची आठवणच होत नाही. आज मी सॅक्सनीत आणि बव्हेरियात काही हजार दारांवर आहे, आणि त्यांतल्या बहुतेक दारांमागे मध बाजारातूनच येतो.

म्युलरांचे मात्र विचारू नका. प्रत्येक ओढ्यावर एक गिरणी होती आणि प्रत्येक गिरणीत एक म्युलर. त्यामुळे साऱ्या जर्मनीत त्यांच्याएवढे कोणीच नाही. वर्गात म्युलर, दवाखान्यात म्युलर, फुटबॉलच्या दोन्ही संघांत म्युलर. मत्सर म्हणून मी हे सांगत नाही. संख्येचा मत्सर मी करत नाही.

आता माझ्या घराकडे येते. ज्या रानात मी जन्मले, त्या रानाच्या अगदी काठावर हे घर आहे, आणि या गावात माझे म्हणून एवढे एकच उरले आहे. घरातले कर्ते वोल्फराम त्साइडलर. आयुष्यभर त्यांनी लोकांना मोटार चालवायला शिकवले. त्यांना माझा अतोनात अभिमान आहे. पाहुणा खुर्चीवर पुरता टेकण्यापूर्वीच हिरव्या पोशाखाची आणि धनुष्याची कथा सुरू होते. “पुरुषाकडून पुरुषाकडे! कुठंही खंड नाही!” असे म्हणत ते टेबलावर बोट आपटतात. तेवढ्यात एखादी गांधीलमाशी केकवर उतरते, आणि त्साइडलरांचे हे वंशज बशी टाकून थेट स्वयंपाकघर गाठतात.

माझ्या मानाला दुसरा धक्का गावाचा. आमच्या भागात माणसांना आडनावाने ओळखत नाहीत, घराच्या नावाने ओळखतात. आणि घराचे नाव माणसे बदलली तरी बदलत नाही. आमच्या घराला सारे गाव ‘शूस्टरांचे घर’ म्हणते, म्हणजे चांभारांचे. दारावरच्या पाटीवर मी ठळक अक्षरांत आहे, पण पाटी वाचण्याची गरज गावात कोणालाच पडत नाही. वोल्फरामांना याचे कारण विचारले, की ते म्हणत, “कुणीतरी पूर्वज फावल्या वेळात जोडे शिवत असेल.”

या प्रथेचा प्रसाद टिल्मानला पहिल्याच भेटीत मिळाला. टिल्मान हा वोल्फरामांच्या एकुलत्या एका मुलीचा, फ्रीडरिकेचा, होणारा नवरा. न्यूर्नबर्गच्या रेल्वे कारखान्यात तो इंजिने दुरुस्त करतो. फुलांचा गुच्छ घेऊन तो गावात उतरला आणि त्याने बेकरीत विचारले, “त्साइडलरांचं घर कुठं आलं?”

“त्साइडलर?” बेकरीवाली बाई विचारात पडली. “आमच्यात नाही बाई कुणी. पलीकडच्या गावात बघा.”

तो पलीकडच्या गावात गेला. तेथल्यांनी त्याला परत पाठवले. फुले माना टाकू लागली, तेव्हा फ्रीडरिकेने फोन करून विचारले, “आहेस कुठं तू?”

“बेकरीसमोर. दुसऱ्यांदा.”

“अरे, मग शूस्टरांचं घर विचार ना!”

“मला शूस्टरांच्या मुलीशी लग्न करायचंय, हे तू कधी बोलली नव्हतीस.”

हा मुलगा मला तेव्हाच आवडला. त्याच्यात दोष एकच होता. त्याचे आडनाव म्युलर.

ऑगस्टच्या त्या रविवारी अंगणात आलुबुखाऱ्याचा केक कापला गेला. गांधीलमाश्या दूर राहाव्यात म्हणून लिंबाच्या फोडीत लवंगा टोचून ती मधोमध ठेवली होती. माश्या तिच्यावरच बसल्या होत्या. टेबलाभोवती चौघे होते: वोल्फराम, फ्रीडरिके, टिल्मान आणि वोल्फरामांची नव्वदी उलटलेली आत्या, बाबेटे. विवाह नोंदवण्यापूर्वी नवराबायकोला एक समाईक आडनाव निवडायचे होते. कायद्याने दोघांपैकी कोणाचेही आडनाव घेता येते.

“आमचं ठरलंय, पपा,” फ्रीडरिके म्हणाली. “आम्ही दोघंही त्साइडलर होणार.”

मला वाटले, वोल्फराम उठून नाचतील. ते उठले खरे, पण चेहरा आंबला होता.

“हे चालायचं नाही.”

“का पण? तुम्हांला आनंद होईल असं वाटलं होतं.”

“आडनाव बापाकडून मुलाकडं जातं, पोरी. बायकोच्या पदराला धरून जात नाही. मला मुलगा नाही, तर ते माझ्याबरोबर संपेल. मानानं संपेल. पण असलं आडवळणानं नको.”

पाहिलेत? माझ्या सर्वांत मोठ्या भक्तानेच माझी तिरडी बांधायला घेतली होती. फ्रीडरिके म्युलर झाली, की या रानाच्या काठावरून मी कायमचे उठणार होते. मी पाटीवर गप्प होते. दुसरे करणार तरी काय?

“काका, मला काही कमीपणा वाटत नाही,” टिल्मान म्हणाला. “कारखान्यात आम्ही तीन म्युलर आहोत. मला ‘तीन नंबर’ म्हणतात. आईसुद्धा फोन करते, तर आधी एक नंबर येतो, मग दोन नंबर.”

“तुझी चेष्टा नको मला. लोक काय म्हणतील?”

“लोक शूस्टर म्हणतील, पपा. आत्ताही तेच म्हणतात,” फ्रीडरिके म्हणाली. “आणि दोन्ही आडनावं जोडून घ्यावीत, तर त्साइडलर-म्युलर! लग्न केल्यासारखं नाही वाटत, वकिलांची कचेरी उघडल्यासारखं वाटतं.”

“मग म्युलर घे. मला चालेल.”

“तुम्हांला चालेल! मला चालणार नाही, त्याचं काय?” तिचा आवाज आता ओला झाला होता. “लहानपणी मला रानात न्यायचात, जुनी झाडं दाखवायचात. ‘हे तुझं आहे’ म्हणायचात. ते काय मुलगा होईपर्यंतच माझं होतं?”

 वोल्फरामांनी लिंबाची फोड उगाच सरळ केली.

बाबेटे आत्या इतका वेळ केक खात होती. तिने काटा बशीत ठेवला.

“वोल्फी, बस खाली. माशीला घाबरतोस आणि वंशाच्या बाता मारतोस. तुझ्या आजोबांच्या आईचं नाव सांग बघू.”

“कुनिगुंडा.”

“आणि वडिलांचं?”

वोल्फराम अडखळले. “ते... लवकर गेले म्हणतात.”

“जायला आधी यावं लागतं, बाळा. ते लग्नालाच आले नाहीत. लग्नच झालं नाही.”

वोल्फराम खुर्चीवर टेकले.

“कुनिगुंडा म्हणजे माझी आजी,” आत्या सांगू लागली. “रानापलीकडच्या त्साइडलरांची मुलगी. या घरात मोलकरीण म्हणून आली. घर होतं एका विधुर चांभाराचं. पुढं काय झालं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. पाद्रीबुवा तेवढे माहीत नसल्यासारखं करायचे. त्या चांभाराला लग्न करायचं होतं, पण बहिणीपुढं त्याची जीभ उचलली नाही. ‘मोलकरीण भावजय म्हणून नको’ म्हणाली ती. मग पोराला आईचं आडनाव लागलं, त्साइडलर. ते पोर म्हणजे माझे वडील, तुझे आजोबा. चांभारानं मरताना घर तेवढं पोराच्या नावावर केलं. म्हणून घर शूस्टरांचं आणि माणसं त्साइडलर. आणि तू सांगत फिरतोस, कुणी फावल्या वेळात जोडे शिवायचं म्हणून!”

“हे तू मला आजवर का नाही सांगितलंस, आत्या?”

“तू बोलायचा थांबलास कधी?”

फ्रीडरिकेने तोंडावर रुमाल धरला.

“आजीला त्याची लाज नव्हती,” आत्या म्हणाली. “ती म्हणायची, ‘घर त्यानं दिलं, नाव मी दिलं.’ तू ज्या पदराला नाकं मुरडतोस ना, वोल्फी, त्याच पदराला धरून तुझं आडनाव या दारात आलंय.”

हे सारे मला ठाऊक होते. कुनिगुंडाच्या हाताचा घट्टा मी विसरलेले नाही. ती मला खेड्यातून पायी घेऊन आली होती. तिच्या गाठोड्यात मोलाचे असे दुसरे काही नव्हते.

वोल्फराम मात्र अजून वाट शोधत होते. “म्हणजे बापाच्या बाजूनं पाहिलं तर... आम्ही शूस्टर?”

“छे! शूस्टर हा त्याचा धंदा. आडनाव वेगळं होतं.”

“काय होतं?”

आत्याने केकचा मोठा घास घेतला. तो चावून, गिळून, वर कॉफीचा घोट घेऊन ती म्हणाली, “म्युलर.”

आधी टिल्मान हसला. मग फ्रीडरिके इतकी हसली, की तिला टेबल धरावे लागले.

“काका,” टिल्मान मोठ्या अदबीने म्हणाला, “बापाकडूनच घ्यायचं ठरलं, तर आमच्या कारखान्यात चार नंबरची जागा मोकळी आहे.”

या देशात कोणत्याही घराची भिंत खरवडली, की आतून एखादा म्युलर निघतो, हे मी पूर्वीपासून जाणून होते. पण तो वोल्फरामांच्या भिंतीतून निघाला, तेव्हाचा त्यांचा चेहरा मी जपून ठेवला आहे.

एक गांधीलमाशी त्यांच्या केकवर उतरली. ते उठले नाहीत. तिच्याकडे बराच वेळ पाहून त्यांनी बशी हळूच तिच्यासाठी पुढे सरकवली.

“टिल्मान, तुझ्या आईला हे पसंत पडेल का?”

“ती म्हणाली, अजून दोन भाऊ आहेत; म्युलर काही संपत नाहीत.”

“तेही खरंच,” वोल्फराम म्हणाले. मग मुलीकडे वळून, पण तिच्या डोळ्यांना डोळा न देता पुटपुटले, “रान तुझंच आहे. तेव्हाही होतं.”

वाचकहो, मी उपदेशासाठी आलेले नाही. तरी सवड मिळाली, तर आपापल्या आडनावाला एकदा विचारून पाहा, की तू या घरात कोणाचा हात धरून आलेस. उत्तर जे येईल, ते निमूट ऐकून घ्या. आणि केक असेल तर तोही पुढे करा.

सप्टेंबरमध्ये विवाह नोंदला गेला. अधिकारी बाईंनी विचारले, तेव्हा समाईक आडनाव त्साइडलर राहील असे फ्रीडरिकेने सांगितले आणि टिल्मानने स्पष्ट शब्दांत होकार दिला. साक्षीदार म्हणून वोल्फरामांनी सही केली. दारावर नवी पाटी लावावी, तीवर वर त्साइडलर आणि खाली लहान अक्षरांत ‘शूस्टरांचे घर’ असे असावे, म्हणजे पुढचा पाहुणा बेकरीसमोर दोनदा उभा राहणार नाही, असे बाबेटे आत्याने सुचवले. त्यास सर्वांची संमती मिळाली. टिल्मानला लगेच नव्या आडनावाने सही करायची होती. सवयीने त्याची पहिली रेघ म्युलरची पडली. तो थबकला आणि तिच्यावरूनच त्याने मला लिहिले. ती रेघ माझ्याखाली अजून दिसते. ती खोडावी, असे कोणीही म्हणाले नाही. आणि मला विचारले असते, तर मीही म्हणाले नसते.