चालू इंजिन

जेवणाचं टेबल पुसून झालं की सूनबाई त्याचं विमान करायची. डाव्या खुर्चीत नवरा, उजवीकडे ती आणि मधे दोन इंजिनं म्हणून दोन उलथनी. ती विचारायची, तो उत्तरं द्यायचा. दोघांची विमान कंपनी बंद पडल्यापासून हा अभ्यास रोजचाच झाला होता. खरं तर दोघंही कॅप्टन, पण घरीदारी सगळे 'कॅप्टन' म्हणत ते त्यालाच. ती आपली सूनबाई.

परदेशातल्या एका कंपनीला कंत्राटी वैमानिक हवे होते. परीक्षेला नवऱ्यानंच आग्रह धरला, "आपण जोडीनं बसू. एकमेकांची सवय आहे." तिथेच घात झाला. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे त्या जमिनीवरच्या खोट्या विमानात, परीक्षकानं उजवं इंजिन बंद पाडलं आणि गडबडीत नवऱ्याचा हात गेला डाव्या, चालू इंजिनाकडे.

"थांब! ते चांगलं आहे!" ती ओरडली. हात थांबला, विमान सावरलं. चूक दिसली की मोठ्यानं बोलायचं, हेच तर दोघं इतकी वर्षं शिकत आले होते.

एके दिवशी सकाळी कंपनीचा फोन आला. संध्याकाळपर्यंत होकार हवा होता.

"निवड झाली? अगोबाई!" चहा गाळता गाळता सासूबाई उजळल्या. "कॅप्टनची ना?"

"माझी. तो प्रतीक्षा यादीत आहे."

गाळणं तसंच हातात राहिलं. सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"बायको परदेशात विमानं उडवणार आणि नवरा घरी बसणार? लोक तोंडात शेण घालतील."

"बाबा, हा पुढे येईलच की. इथे कुठेच नोकऱ्या नाहीत. आता नाही उडाले तर माझा परवानाही जाईल."

"पोरी, तुझ्या हुशारीला मी नावं ठेवत नाही," सासूबाई जवळ येऊन म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरी माया होती, हेच तर वाईट. "पण पुरुषाचं मन मोडलं की घर मोडतं गं."

नवरा तेव्हा एकच वाक्य बोलला. "प्रतीक्षा यादीत पहिला मीच आहे."

दुपारी तिनं त्याला एकट्याला गाठलं. "मी नाही म्हणावं, असं तुला खरंच वाटतं?"

तो टेबलावरचं उलथनं फिरवत राहिला. "त्या दिवशी तू गप्प बसली असतीस तर..."

"तर विमान पडलं असतं."

"खोटं होतं ते विमान."

तिनं माहेरी फोन लावला. निदान आई तरी पाठीशी उभी राहील, एवढीच आशा होती. आई म्हणाली, "जावईबापूंचं मन राख बाई."

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा तिघंही समोर बसली होती. "घरगुती अडचण आहे," ती म्हणाली. "वाईट वाटलं मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला. दिवसभरात तिच्यासाठी वाईट वाटलेला तो एकटाच, आणि तो परका होता.

पुढे नवऱ्याला बोलावणं आलं. शेजारीपाजारी हार घेऊन आले, सासूबाईंना त्याला कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं. त्याच सुमारास सूनबाईच्या परवान्याची मुदत संपली. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता डाव्या खुर्चीसमोर तांब्याला टेकवून फोन उभा असतो. "ऐक ना, उद्या चाचणी आहे. विचार," नवरा परदेशातून म्हणतो.

"उजवं इंजिन बंद पडलं. आता?"

"डावं..."

ती स्वयंपाकघराकडे बघते. सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अगदी खाली आणते आणि म्हणते, "थांब. ते चालू आहे."

विमान पडलं की चौकशी बसते. या घरात काहीच पडलं नाही, सगळं कसं छान चाललंय, असंच शेजारी सांगतील. हार घेऊन गेलेल्या त्या शेजाऱ्यांत आपणही होतो.