सात नंबरची बाई

सवत असावी तर निदान जिवंत तरी असावी. हिच्या वाट्याला आली ती साडेतीन हजार वर्षांपूर्वी मेलेली, आणि तीही नवऱ्यानेच उकरून काढलेली.

नवरा सरकारी पुरातत्त्व खात्यात. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने मडकी, मणी, चुली, काय काय उकरलं. हिने कधी हूं की चूं केलं नाही. पण सात नंबरच्या कबरीत ती बाई सापडली आणि माणूस कामातून गेला. सुट्टीच्या दिवशीसुद्धा हाडांचे एक्स-रे खिडकीच्या काचेला चिकटवून बसायचा. जेवतानाही तेच. "सातवीचे दात बघायला हवे होतेस! उजवीकडून चावताच येत नसणार बिचारीला." हिची दाढ काढून जेमतेम आठवडा झाला होता. ते त्याच्या गावीही नव्हतं. ती मनातून जळायची, आणि सापळ्यावर जळते म्हणून स्वतःचीच लाजही वाटायची.

तिचा गुडघा दोन वर्षं दुखत होता. तिसऱ्या मजल्यावरून उतरताना डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी ती एकटीच दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढून आली. घरी येऊन तिने त्यावरची नावाची पट्टी कापली आणि तो त्याच्या एक्स-रेंच्या पाकिटात सरकवला. जुन्या हाडांशी ताडून बघायला हल्लीच्या माणसांचे असे निनावी एक्स-रे त्याच्याकडे येतच असत. बघू या, म्हणाली, आपल्यासाठी काय निघतं तोंडातून.

रविवारी सकाळी नवऱ्याने तो काचेला लावला. ती शेजारीच शेंगा सोलत होती.

"हे बघ," तो म्हणाला, "पन्नाशीची बाई असावी. आतल्या बाजूची हाडांमधली फट पार बुजलीय. जिना उतरताना जीव जात असेल गं हिचा. तरी रेटतेय." त्याने त्या गुडघ्यावरून किती हळू बोट फिरवलं!

इतक्या मायेने तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. सातवी परवडली, पण या काचेवरच्या बाईचा तिला फार हेवा वाटला.

"घरात कुणाच्या लक्षात कसं येत नाही?" तो चिडलाच. "नवरा आंधळा आहे का हिचा?"

"नाही हो, डोळे चांगले आहेत त्यांचे," ती म्हणाली. "सारखे जमिनीत असतात, एवढंच."

"म्हणजे आमच्याच खात्यातला दिसतोय!" तो खो खो हसला, आणि वही ओढून नोंद करायला लागला: स्त्री, वय अंदाजे पन्नास, ओळख नाही.