दाजींचे दहा कमी

"अठरा टक्के," दाजी फोनवर म्हणाले. "आणि मेव्हण्या, आज खरं सांगतोय हां!"

मी आकडा टाकला.

दाजी म्हणजे ताईचा नवरा, टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचे व्हॉल्व्हमन. तिथलं मीटर बिघडलंय, म्हणून दाजी टाकीतली पातळीची पट्टी बघून फोन करतात आणि मी इथं कंट्रोल रूममध्ये आकडा टाकतो. पंप कधी सोडायचा ते प्रोग्रॅम ठरवतो. कमीत कमी विजेत सगळ्यांना पाणी. आम्ही त्याला शहाणा म्हणतो. टाकी वीसवर आली की तो पंप सोडतो. दाजी पडले भित्रे, कायम दहा कमी सांगायचे. काल इंजिनियर मॅडमनी झापलं, तेव्हापासून हरिश्चंद्र झालेत.

पण पंप हलेना.

"मॅडम, अठरा झालं तरी शहाणा झोपलाय."

"परत खेचताय माझी?"

"आईशप्पथ नाही! वर दवाखान्यात ताई डायलिसिसवर आहे. पंधराच्या खाली गेलं की दवाखान्याचं पाणी बंद. मागे मशीन अर्ध्यात थांबलं, तर श्वासाला महाग झाली होती ती."

मॅडमनी स्क्रीन पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा अठ्ठावीस धरून बसलाय. अहो, टाकी भरायला लागणाऱ्या वेळेवरून हा शिकलाय, दाजी दहा कमी सांगतात! स्वतःच दहा वाढवतोय."

"मग हातानं चालवू?"

"त्याला आधी सगळे पंप बंद करावे लागतात. अर्धा तास जाईल."

"मग टाकतो शून्य!"

त्यांनी माझं मनगट धरलं. "एकदम खाली गेलं तर लाईन फुटली समजून हा टेकडीचा व्हॉल्व्हच बंद करेल. हळूहळू उतरा, दहापर्यंत. म्हणजे हा वीस धरेल."

आयुष्यभर थापा मारल्या, पण इतक्या जपून कधी नाही. सोळा टाकलं. थांबलो. चौदा. थांबलो.

"सतरा," दाजी म्हणाले. "काय चाललंय रे तिकडे?"

"थाप मारतोय. मध्ये बोलू नका."

बारा.

"सोळा! अरे, बायको आहे माझी तिथं!"

घामानं बोट घसरलं, दहाऐवजी नुसता एक पडला. मॅडमनी एंटरवर हात आडवा घातला. खोडलं. दहा. एंटर.

पंपाचा दिवा हिरवा झाला. पण पाण्याला टेकडी चढायची होती.

"दाजी?"

मी फोन कानाला दाबला.

"दाजी, बोला की!"

"थांब... थांबलीय. पट्टी सोळावरच थांबलीय रे." पुढं नुसते हुंदके.

"टाकीवर बसून रडताय काय," मी म्हणालो, "पाणी वाया जातंय." माझाही आवाज फाटला होता.