हॉल चिडीचूप होता

त्या अंतराळाच्या पिक्चरनं लोकांना वेड लावलं होतं, आणि त्या वेडाची पहिली बातमी नेहमीप्रमाणे काकूंच्या काउंटरवर आली. काकूंची लाँड्री चौकाच्या तोंडाशीच. माणूस मळके कपडे टाकायला येतो तेव्हा कपड्यांबरोबर मनातलंही थोडं टाकून जातो, असा काकूंचा अनुभव. ते उचलून पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला त्यांना कुणी सांगावं लागत नसे. काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दुकानात कुणी नसलं तर त्या इस्त्रीशी बोलत, घरी ओट्यापाशी भांड्यांशी बोलत, आणि बाहेरच्या खोलीत काका पेपरामागून 'हं, हं' करत. इतक्या वर्षांचा संसार असाच सुखानं चालला होता.

पिक्चरची गोष्ट म्हणाल तर दोन ओळींची. भोवती कडी असलेल्या एका ग्रहाजवळ यान फुटतं, सगळे मरतात, एक मेकॅनिक बाई तेवढी उरते, आणि तरंगत्या बर्फाच्या डोंगरांमधून परतीची वाट शोधत राहते. पण पडद्यावर जे काही दाखवलंय, ते बघून लोक आ वासून बाहेर येत होते. शेजारचा न्हावी म्हणाला, "काकू, खुर्चीचे हात असे धरले होते की उठताना बोटं उघडेनात. आज दाढी करायला बसलेल्यांनी देवाचं नाव घेऊनच बसावं." शाळेच्या बाईंना मात्र पटलं नव्हतं. "दिसायला छान आहे हो, पण गोष्ट कुठाय? एक बाई दोन तास श्वास घेते. तेवढा तर मीही घेते."

एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं. थिएटरच्या एका स्पीकरमधून शिट्टी येते. बारीक आणि कर्कश, दातांत कळ जाईल अशी. अंतराळात आवाज नसतो म्हणून दिग्दर्शकानं मोठ्या हौसेनं जिथे जिथे शांतता ठेवली आहे, नेमकी तिथेच ही शिट्टी वाजते. मग लोक ओरडतात, हुर्यो करतात, मॅनेजरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात.

"पहिल्या खेळापासून हेच चाललंय," न्हावी म्हणाला. "एवढा मोठा पिक्चर, आणि बघायचा कानात बोळे घालून!"

काकूंचा हात शर्टाच्या कॉलरवर थांबला. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे त्यांनी इस्त्री उचलली.

कारण काका शनिवारीच तो पिक्चर बघून आले होते. पत्र्याच्या कारखान्यात दणदणतं प्रेस मशीन चालवणारा हा माणूस, पिक्चरचा शौक त्याला कधीच नव्हता. पण शनिवारी एकटेच गेले, आणि परत आले ते डोळे चमकवत. म्हणाले होते, "काय शांतता असते गं तिथे वर! आणि लोकसुद्धा काय शहाणे. हॉल चिडीचूप. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती."

टाचणी म्हणे! काकूंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सगळ्या गावाचे कान शिट्टीनं किटलेले, आणि यांना शांतता सापडली? म्हणजे हा माणूस त्या हॉलमध्ये नव्हताच. मग शनिवारची सगळी दुपार होता कुठे?

संध्याकाळी जेवताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "अहो, पिक्चरला लोक काही आरडाओरडा करत होते का?"

काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते. जरा थांबून म्हणाले, "लोक? अगं, सगळे गप्प. मी पुढच्याच रांगेत होतो. मागून हूं की चूं नाही."

खोटं बोलायचं तर निदान नीट तरी बोलावं! काकूंना वाटलं, आपल्या बायकोला इतकी खुळी समजणारा नवरा जगात दुसरा नसेल. लाँड्रीवालीच्या हाताला खिसे तपासायची सवय असतेच. त्यांनी काकांची पँट धुवायला घेतली तर खिशात तिकीट निघालं. एकच. दुसऱ्या कुणा बाईचा जीव तेवढ्यानं शांत झाला असता. काकूंचा आणखी भडकला. एकच, म्हणजे दुसरं तिच्याकडे असणार!

आता 'ती' कोण, हे ठरलं नव्हतं. पण एकदा संशयानं घर केलं की पुरावे आपोआप भाड्यानं राहायला येतात. फोन वाजला की काका तो न उचलता कापतात, आणि मग कोपऱ्यात बसून मेसेज लिहितात, ते का? परवा आपण ओट्यापासून ओरडून सांगितलं की गॅस संपला, तर म्हणाले, "छान झालं." लक्ष कुठे होतं? पूर्वी रविवारी मित्रांच्या अड्ड्यावर जायचे, ते गेल्या वर्षीपासून बंद, ते कुणाच्या सांगण्यावरून?

काकूंची धाकटी बहीण जवळच राहायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "ताई, पाणी मुरतंय. पण भांडू नकोस. भांडलीस की भाऊजी सावध होतील. तू अबोला धर."

"मी? अबोला?"

"म्हणून तर. तुझा अबोला म्हणजे घरात अंधार. दोन दिवसांत पोपटासारखे बोलायला लागतात की नाही बघ."

काकूंनी अबोला धरला. सोपं नव्हतं ते. शब्द घशापर्यंत यायचे आणि त्या ते चहाच्या घोटाबरोबर गिळायच्या. भांड्यांशी बोलणं बंद, नळाला शिव्या बंद. चहा पुढ्यात ठेवायचा, ताट वाढायचं, पाठ फिरवायची. एक दिवस गेला, दुसरा गेला. काका काही विचारीनात.

विचारलं तर नाहीच, पण त्यांचं वागणं मात्र बदललं. पेपर सोडून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहू लागले. मान तिरकी करून काकूंच्या पाठीकडे बघत राहायचे आणि परत जाऊन बसायचे. एकदा काकूंनी चोरून पाहिलं, तर रिकामं ताट कानाशी धरून त्यावर चमच्यानं टकटक करत होते. मला चिडवतायत, काकूंना वाटलं. चोर तो चोर, वर शिरजोर! चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत चालला होता. जेवण अर्धं टाकून उठायचे. काकूंनी त्याचाही अर्थ लावला, तो असा की मन खात असणार.

शनिवारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "तो पिक्चर पुन्हा बघून येतो," एवढं म्हणाले आणि निघाले. काकूंनी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्या मागे निघाल्या. आज हातच्या काकणाला आरसा नको होता.

काका खरंच थिएटरात शिरले. पुढच्या रांगेत जाऊन बसले. काकू अंधारात चाचपडत बरोब्बर त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसल्या, पदर तोंडावर ओढून. काकांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. काकूंची नजर तिच्यावरून हलेना. पडद्यावर यान फुटलं, बर्फाचे डोंगर अंगावर आले, लोक 'आई गं' करून मागे सरकले, आणि काकू त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मधेच एक बाई वाकून चाचपडत पुढे आली. काकू खुर्चीच्या कडेला सरकल्या. ती बाई पोराला हाताशी धरून बाहेरच्या दाराकडे निघून गेली.

मग पडद्यावर शांतता आली. मेकॅनिक बाई एकटीच काळ्या आभाळात तरंगत होती. आणि शिट्टी सुरू झाली.

न्हाव्यानं सांगितलं ते कमीच होतं. काकूंनी दोन्ही कान गच्च दाबले. मागून हुर्यो उठली, "बंद कर रे", "मॅनेजरला बांधा त्या यानाला". उजवीकडचा म्हातारा कानांवर हात ठेवून पुटपुटत होता. फक्त काका हलले नाहीत. पुढे झुकून, तोंड किंचित उघडं ठेवून ते पडद्याकडे बघत होते. एवढा निवांत चेहरा काकूंनी आठवडाभरात पाहिला नव्हता.

"अहो," काकू पुढे वाकून म्हणाल्या. अबोला मोडला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

काका बघत राहिले.

"अहो! मी काय म्हणते, कुठाय ती?"

म्हातारा दचकून वळला. दोन रांगा मागून कुणी तरी म्हणालं, "काकू, घरचं भांडण घरी!" हॉलभर हशा पिकला. काकांनी मान वळवली नाही, खांदाही हलवला नाही. काकूंचा हात कानावरून खाली आला. शिट्टी वाजतच होती. हा माणूस ढोंग करत नव्हता. ढोंग करणाऱ्याची पापणी तरी लवते.

संशय गेला, आणि त्याच्या जागी भीती आली. मध्यंतराचा दिवा लागला तेव्हा त्या उठून काकांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

काका दचकले. आधी घाबरले, मग हसले. "तू? तू कशी काय इथे?"

"तुम्हाला शिट्टी ऐकू येत नाही?" काकूंनी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं.

काका ओठांकडे बघत होते. "कसली शिट्टी?"

काकांनी काकूंचा चेहरा वाचला आणि मान खाली घातली. मग हळूच, पण जरा मोठ्यानेच बोलू लागले. स्वतःचा आवाजही त्यांना नीट कळत नव्हता.

"बरीच वर्षं झाली. प्रेसनं खाल्ले कान. आधी बारीक आवाज गेले, मग शब्द गेले. तोंडाकडे बघितलं की काम भागतं. कारखान्यात कळलं तर प्रेसवरून काढून गेटवर राखणीला बसवतील, म्हणून बोललो नाही. या पिक्चरमध्ये बरं वाटतं गं. खाली अक्षरं येतात. त्या बाईलाही काही ऐकू येत नाही, आणि सगळे लोक माझ्यासारखेच गप्प बसलेत असं वाटतं."

"आणि मला? मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू बोलायची थांबली असतीस. बहिऱ्याशी किती दिवस बोलणार माणूस? पाठमोरी बोलतेस तेव्हा शब्द नाही कळत मला. पण घर शांत असलं की आतून गुणगुण यायची. तू घरात आहेस, तुझं काही तरी चाललंय, एवढं कळायचं. तेवढ्यावर 'हं हं' करत होतो." काकांनी डोळे पुसले. "या आठवड्यात तीही गेली. दारात येऊन उभा राहिलो, ताट वाजवून बघितलं. काही नाही. म्हटलं, संपलं. तुझा आवाज शेवटचा उरला होता, तोही गेला."

साप म्हणून भुई धोपटायला निघाल्या होत्या काकू, आणि खाली आपलाच माणूस होता. डोळ्यांत बघून सांगायचं धैर्य त्यांना झालं नाही. त्यांनी काकांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, ओठ कानाला लावले आणि जीव खाऊन ओरडल्या, "नाही गेला हो! मीच बोलत नव्हते! मी अबोला धरला होता!"

अख्खं थिएटर वळून बघायला लागलं. समोसे घेऊन येणारा माणूस पायऱ्यांवरच थांबला.

काकांची मान तशीच तिरकी राहिली. मग त्यांनी काकूंचं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगड्या रुतल्या.

"पुन्हा बोल," ते म्हणाले. "काहीही बोल."