धुतलेलं लिंबाचं झाड

कडकमामांच्या लाँड्रीत आलेला डाग गिऱ्हाइकाबरोबर पुन्हा घरी गेला, असं सहसा होत नसे. कॉलरला कांजी आणि बोलण्यात शिस्त, दोन्ही सारखीच कडक. म्हणून सगळी गल्ली त्यांना कडकमामा म्हणायची. त्यांच्या आयुष्यात काळा डाग एकच होता. बारा वर्षांपूर्वी त्यांनी थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा, लोकरी स्वेटर गरम पाण्यात घातला आणि तो बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर आला. ताईनं तो टाकून दिला नाही. कपाटात जपून ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

तीच ताई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे लेकीकडे निघाली, तेव्हा तिनं आपलं लिंबाचं झाड मामांकडे आणून ठेवलं. बी तिनं स्वतः लावलेली. सात वर्षं झाडाला नुसती पानं आणि काटे. आणि आता, कधी नव्हे ती, एका फांदीवर वाटाण्याएवढी हिरवी गोळी धरली होती. ताईचं पहिलंवहिलं लिंबू.

"पाणी घालायचं, ऊन दाखवायचं," ताई म्हणाली. "बाकी काही करायचं नाही. डोकं तर अजिबात चालवायचं नाहीस, बाळ्या."

साठीच्या माणसाला बाळ्या म्हणणारी जगात एकच व्यक्ती उरली होती, म्हणून मामांनी ऐकून घेतलं.

चौथ्या दिवशी चादरींचा गठ्ठा घसरला आणि कुंडीला उभी चीर गेली. मामा लगेच जाऊन नवी, पांढरीशुभ्र कुंडी घेऊन आले. इथवर सगळं ठीक होतं. पण जुन्या कुंडीतून झाड उचललं आणि मामांच्या अंगावर काटा आला. सात वर्षांची घाण! मुळांच्या गुंत्यात चिखल, बारीक मुळ्यांच्या टोकाटोकाला धुरकट लव, आणि त्या लवेला चिकटलेले मातीचे कण. लव आणि मामा यांचं जन्माचं वैर. चाळीस वर्षं त्यांनी कोटांवरून लव झटकण्यात घालवली होती. असं मळकं झाड पांढऱ्या कुंडीत? ताई काय म्हणेल?

तासाभरात मुळं हस्तिदंतासारखी चमकू लागली. मामांनी ती स्वच्छ मातीत रोवली, पाणी घातलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानांनी माना टाकल्या. मामांनी पाणी घातलं. संध्याकाळी आणखी घातलं. तिसऱ्या दिवशी झाड ओल्या मातीत उभं राहून तहानेनं मरत होतं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"माझं लिंबू किती झालं रे?"

"आहे तेवढंच आहे," मामा म्हणाले. हे खोटं नव्हतं, एवढंच.

फोन ठेवला आणि कुंडी उचलून ते तडक कोपऱ्यावरच्या रोपवालीकडे गेले. रोपवाली चाळिशीची, नखांत कायम माती, आणि घाई तिला कधी कुणी शिकवलीच नव्हती.

"पाणी भरपूर घालतोय, तरी हे कोमेजतंच!" मामा म्हणाले.

तिनं माती बोटांनी उकरली, एक मूळ हलकेच वर घेतलं आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.

"मामा, याला धुतलंत?"

"कोमट पाण्यात."

"आणि ब्रश?"

"मऊ होता. रेशमाचा."

"साबण?"

मामांनी खाली पाहिलं. "दोन थेंब. लोकरीचा."

"इस्त्री?"

"काय बोलता बाई! टॉवेलनं टिपून घेतलं फक्त."

रोपवालीनं हसू दाबलं, ते डोळ्यांतून बाहेर आलंच. मग ती आत गेली आणि एक ताटली घेऊन आली. ओल्या टिपकागदावर मुळ्याच्या बिया रुजत घातल्या होत्या. "डाग बघायचं भिंग आहे ना खिशात? लावा बघू डोळ्याला."

मामांनी भिंग लावलं. बीतून दोरा निघावा तसं पांढरं मूळ निघालं होतं, आणि टोकाच्या जरा मागे त्याच्याभोवती लव होती. दाट, मखमलीसारखी, पहाटेच्या दवाइतकी नाजूक.

"पुस्तकात तिला मूलरोम म्हणतात," रोपवाली म्हणाली. "झाड पाणी पितं ते बहुतेक या लवेनं. जाडजूड मुळं आहेत ना, ती नळ. पाणी वर पोचवतात आणि झाडाला धरून ठेवतात. पण नळ कितीही लखलखीत असला तरी तोंड नसेल तर पिणार कशानं? तुम्ही याची सगळी तोंडं घासून काढलीत."

मामांनी भिंग पुन्हा एकदा डोळ्याला लावलं.

"आणि ती माती चिकटली होती ती घाण नव्हती. लव मातीच्या कणाला मिठी मारून बसते, तेव्हा कुठे कणाभोवतीचं पाणी तिला मिळतं."

"मग मी एवढं पाणी घातलं ते?"

"ते तर आणखी वाईट. मुळांना श्वासही लागतो. मातीतली हवा तुम्ही पाण्यानं हाकलून दिलीत. तोंड नाही आणि वर नाक दाबलं."

"म्हणजे गेलंच म्हणा," मामा पुटपुटले. स्वेटर त्यांच्या डोळ्यांसमोर नाचू लागला. आता त्याच्या शेजारी वाळकं झाड उभं राहणार होतं.

"अहो, गेलं कुठे? हे मधलं सोटमूळ बघा, शाबूत आहे. टोकंही बरीच वाचलीत. प्रत्येक टोकाला टोपी असते, शिंप्याच्या बोटाला असते तशी. खडे ढकलताना इजा होऊ नये म्हणून. टोक जगलं की मूळ वाढतं, आणि वाढलं की मागे नवी लव येते. जुनी तशीही फार दिवस टिकत नाही. फक्त तोवर याचा खर्च कमी करायचा. पानं दिवसभर पाणी हवेत सोडतात. निम्मी पानं काढू. सावलीत ठेवा. आणि..." तिनं त्या हिरव्या गोळीवर बोट ठेवलं. "हेही काढावं लागेल. झाडाला आत्ता ओझं झेपणार नाही."

"हे नाही," मामा म्हणाले.

"ठेवलं तर कदाचित दोन्ही जातील."

मामा कात्री हातात घेऊन उभे राहिले. गुपचूप कापता आलं असतं. लिंबू वाऱ्यानं पडलं, असं सांगता आलं असतं. ताईच्या एका डोळ्यावर पट्टी असताना कोण बघणार होतं? त्यांनी कात्री खाली ठेवली आणि फोन लावला.

"ताई, मी तुझं झाड धुतलं."

"काय केलंस?"

"धुतलं. मुळापासून. ब्रशनं." आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, लोकरीच्या साबणासकट.

ताईनं एवढंच विचारलं, "झाड वाचेल?"

"बाई म्हणतात, वाचू शकेल. लिंबू काढलं तर."

"मग काढ. सात वर्षं थांबले, आणखी थांबेन. आणि बाळ्या..."

"काय?"

"स्वेटरच्या वेळी तू म्हणाला होतास, तो आधीपासूनच आखूड होता. त्या मानानं सुधारलास."

मामांनी लिंबू स्वतःच्या हातानं कापलं आणि रुमालात बांधलं.

झाडाभोवतीची हवा ओलसर राहायला हवी, त्यावर काहीतरी पारदर्शक घाला, असं रोपवालीनं सांगितलं होतं. ते मामांना शिकवावं लागलं नाही. दुकानात कोटांवर घालायच्या लांब, पारदर्शक पिशव्यांची चळत होती. त्यांनी छताच्या आकड्याला हँगर अडकवला, त्यावरून पिशवी सोडली, आणि लिंबाचं झाड इतर कपड्यांच्या रांगेत, एका लग्नाच्या सुटाशेजारी, दिमाखात उभं राहिलं. गिऱ्हाइकं विचारत, "मामा, हे कुणाचं?" मामा म्हणत, "मोठ्या गिऱ्हाइकाचं." पाणी ते आता बोट मातीत घालून, कोरडी लागली तरच घालत. मुळं उपसून लव आली का ते बघायचा मोह रोज होई. रोज ते दोन्ही हात मागे बांधून उभे राहत.

सतराव्या दिवशी देठापाशी तांबूस रंगाचं टिंब दिसलं. मामांनी झटकन डाग बघायचं भिंग लावलं. डाग नव्हता. कोंब होता.

ताई आली ती काळा चष्मा लावून. आधी पिशवीभोवती एक फेरी मारली. मग चष्मा कपाळावर सरकवून कोंब मोजले. चार. मग तिची नजर पिशवीला टाचलेल्या चिठ्ठीवर गेली. लाँड्रीत प्रत्येक कपड्याला लावतात तशीच, मामांच्या कडक अक्षरातली: "नाजूक. धुऊ नये."

ताईनं ती चिठ्ठी काढून घेतली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली.

"ती कशाला?" मामांनी विचारलं.

"घरी कपाटात आहे ना," ताई म्हणाली, "त्या स्वेटरला लावते."