हिल्काचा हातमोजा

एन्सिओ पीराइनेनच्या नव्या गाडीबद्दल टाउनो कुर्त्तिलाचं काहीही म्हणणं नव्हतं. हे तो भेटेल त्याला आपणहून सांगायचा. गावच्या सहकारी दुकानात काउंटरवरच्या मुलीला त्याने ते दोनदा सांगितलं. "म्हणजे गाडी चांगली असणार," असं ती म्हणाली, आणि टाउनो त्या दिवशी दूध न घेताच घरी आला.

दुखणं गाडीचं नव्हतं. दुखणं होतं तिच्यातल्या उजव्या, चालकाशेजारच्या सीटचं. तिथे आता हिल्का मोइलानेन बसत होती.

हिल्का वळणावरच्या पिवळ्या घरात राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दर गुरुवारी तळ्यापलीकडच्या चर्चमध्ये गायकवृंदाची तालीम असे. तिथे ती बायकांच्या खालच्या पट्टीत गायची आणि टाउनो पुरुषांच्या सर्वांत खालच्या पट्टीत. तिथून खाली फक्त तळघर होतं. तालमीला ती कित्येक हिवाळे टाउनोच्या जुन्या गाडीतून जात आली होती. त्याने तिला कधी 'चल' म्हटलं नव्हतं. त्यांच्या हाउकिवारा गावात तशी पद्धतच नाही. इंजिन चालू ठेवून फाटकापाशी उभं राहायचं, आभाळाकडे बघायचं आणि म्हणायचं, "मी तिकडेच निघालोय." ज्याला समजायचं त्याने समजून दार उघडायचं.

एन्सिओही मूळचा हाउकिवाराचाच. पण नोकरीची सगळी वर्षं ओउलू शहरात काढून, निवृत्त होऊन तो परत आला, आणि येताना शहरातल्या सवयी घेऊन आला. पहिल्याच गुरुवारी त्याने हिल्काला सरळ तोंडावर विचारलं, "येतेस का माझ्याबरोबर? सीट गरम होते."

भर दिवसा, चर्चच्या पायऱ्यांवर, एका विधवेला सीट गरम होते म्हणून सांगणं टाउनोला असभ्यपणाचं वाटलं. त्याहून वाईट म्हणजे हिल्का 'बरं' म्हणाली.

तेव्हापासून टाउनो एकटाच गाडी हाकत होता. पुढे एन्सिओची गाडी, आवाज न करता सरकणारी, एखाद्या बँकेच्या मॅनेजरसारखी. मागे टाउनोची, सगळ्या सांध्यांतून बोलणारी. मधे बर्फ. रिकाम्या सीटवर त्याने सुरांची वही ठेवायला सुरुवात केली होती, म्हणजे सीट रिकामी दिसू नये.

डिसेंबरात एके दुपारी एन्सिओ कॉफीला आला. कप खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "कोणाला सांगू नकोस. माझे डोळे जायला लागलेत."

"अच्छा," टाउनो म्हणाला आणि त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"निघताना सगळं लख्ख दिसतं. तळं ओलांडेपर्यंत रस्ता अंधुक होत जातो. परतताना तर झाडं कुठली आणि रस्ता कुठला, कळत नाही. मोतीबिंदू असेल?"

टाउनोने जन्मभर लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक चालवले होते. दुखणं त्याला पहिल्याच वाक्याला कळलं. एन्सिओच्या गाडीचे दिवे नव्या पद्धतीचे, पांढरे आणि थंड. उजेड भरपूर, ऊब शून्य. पुढून उडालेला बर्फ दिव्यांच्या काचेवर बसतो आणि बसूनच राहतो. टाउनोच्या जुन्या पिवळ्या दिव्यांवर मात्र बर्फ टेकला की पाणी होऊन खाली.

हे सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. टाउनोने ते वाक्य तोंडात घोळवलं, साखरेच्या खड्यासारखं विरघळवलं आणि कॉफीबरोबर गिळून टाकलं.

"वय झालं, एन्सिओ," तो म्हणाला. "अंधाराचं गाडी चालवणं सोड. कोणाच्या तरी गाडीत मागे बसत जा."

"तुझ्या?"

"मी तिकडेच निघालेलो असतो," टाउनो मोठ्या मनाने म्हणाला.

त्या रात्री त्याला शांत झोप लागली. अपघात होईल, असं त्याच्या मनातही आलं नाही. एन्सिओ इतका सावकाश चालवायचा की त्याच्या गाडीखाली यायला एखाद्या रेनडिअरला अर्ज करावा लागला असता. मनात आलं ते एवढंच, की मागच्या सीटवर एन्सिओ आणि पुढे हिल्का, हे चित्र वाईट नाही.

पुढच्या गुरुवारी बर्फ आडवा पडत होता. एन्सिओची गाडी नेहमीप्रमाणे पुढे होती. तळं ओलांडल्यावर तिच्यापुढचा उजेड विझत चाललेला टाउनोने मागून पाहिला, समाधानाने पाहिला. मग गाडी बस थांब्याच्या शेडपाशी थांबली. हिल्का उतरली, पुढे जाऊन वाकली आणि बघतच राहिली. नंतर तिने उजव्या हातातला लाल हातमोजा दिव्यावरून गरागरा फिरवला. एकदम उजेड पडला, आणि त्या उजेडात ती पोट धरून हसताना दिसली.

टाउनोने गाडी शेजारी थांबवून काच खाली केली.

"टाउनो," ती ओरडली, "ह्याचा मोतीबिंदू मी हातमोज्याने काढला!"

एन्सिओही उतरला. तो दुसरा दिवा पुसत होता आणि इतका खूश होता की त्याचे डोळे नुसतेच चांगले नाहीत, तर नवे मिळालेत असं वाटावं.

"तुला ठाऊक होतं का रे हे? तू तर ट्रकवाला," त्याने विचारलं.

"नव्या गाड्यांचं आपल्याला काय कळतंय," टाउनो म्हणाला आणि काच वर केली.

इथून त्याचं नशीब खरं फिरलं. आता दर गुरुवारी ती गाडी बस थांब्यापाशी थांबायची. एक दिवा हिल्का पुसायची, एक एन्सिओ. मग थर्मास निघायचा, लिंगनबेरीची आंबट लाल रानफळं घालून तिने केलेली बटाट्याची पोळी निघायची. शेजारून टाउनो आपल्या निर्दोष दिव्यांसह पुढे जायचा. थांबायला त्याला काही कारणच नव्हतं. एवढी वर्षं हिल्का त्याच्या गाडीत बसली, पण वाटेत एकदाही खाली उतरली नव्हती, एकदाही हसली नव्हती. उतरून करणार काय? त्याच्या दिव्यांना कोणाची गरजच नव्हती. घरी पोहोचल्यावर तो आपल्या दिव्यांकडे असा बघायचा, जसा बाप परीक्षेत पहिल्या आलेल्या पण लग्न न ठरणाऱ्या मुलाकडे बघतो.

जानेवारीतल्या एका गुरुवारी, सगळीकडे गोठलेलं असताना, टाउनो लवकर निघाला. एन्सिओ यायच्या आधी त्याने हिल्काच्या फाटकापाशी गाडी लावली, इंजिन आणि दिवे चालू ठेवले, खाली उतरला आणि ओंजळी भरभरून बर्फ दोन्ही दिव्यांवर थापला. चांगला लिंपला, वरून तळव्याने गुळगुळीत केला. मग मागे सरून बघतो तर डावा दिवा पाझरायला लागला होता. त्याने पुन्हा थापला. तोवर उजवा घसरून पायात पडला. डाव्याकडून उजव्याकडे, उजव्याकडून डाव्याकडे अशा त्याच्या फेऱ्या चालू झाल्या. त्याने दिव्यांना आपल्या ट्रकवाल्या आयुष्यातले काही निवडक शब्द ऐकवले. दिवे मुकाट्याने गरम राहिले.

"काय चाललंय?"

हिल्का पायरीवर उभी होती. कोट अंगात, हातमोजे हातात, थर्मास काखेत. स्वयंपाकघराची खिडकी नेमकी फाटकासमोर आहे, हे टाउनोला तेव्हा आठवलं.

त्याने आभाळाकडे पाहिलं. 'मी तिकडेच निघालोय' हे वाक्य तयार होतं, पण त्याच्या कोपरांपर्यंत बर्फ होता आणि ते वाक्य आज पुरेसं वाटेना.

"दिवे गोठलेत," तो म्हणाला.

हिल्का खाली आली. दोन्ही दिवे लखलखत होते आणि त्यांच्यातून टपटप पाणी गळत होतं. तिने ते नीट पाहिले. मग टाउनोच्या लाल झालेल्या हातांकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "वाईटच गोठलेत."

तिने लाल हातमोजा दोन्ही दिव्यांवरून एकेकदा फिरवला, ओला झालेला पिळला, दार उघडलं, सुरांची वही उचलून मांडीवर घेतली आणि बसली.

"एन्सिओ?" टाउनोने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारून बसला.

"त्याला फोन करते. येईल मागून. दिवे पुसायला आता त्याचं त्याला येतं." मग ती म्हणाली, "सहा महिने लागले तुला, टाउनो, एक गाडी बिघडवायला. तीही बिघडली नाही."

टाउनोने गिअर टाकला. तळ्यापर्यंत तो नुसती गाडी चालवत राहिला. त्याच्या हिशेबाने बोलणं भरपूर झालं होतं. आरशात एन्सिओची गाडी होती. टाउनोच्या चाकांनी उडवलेला बर्फ तिच्यावर धुरासारखा बसत होता. तिचे दोन पांढरे डोळे आधी करडे झाले, मग दिसेनासे. टाउनोने उगाच थोडा वेग वाढवला.

"थांब," हिल्का म्हणाली. "त्याला काही दिसत नसणार."

"तो पुसेल."

"वाऱ्यात एकटा उतरून? त्याची कंबर धरते. थांब, मी पुसून येते." तिने हातमोजा चढवला. दुसरा हात थर्मासकडे गेला.

टाउनोने थर्मासकडे पाहिलं आणि बस थांब्यापाशी गाडी उभी केली.

"तू बस," तो म्हणाला. "मी जातो. तो हातमोजा दे."

बाहेर वारा कापत होता. टाउनोने लाल, ओल्या, हाताला लहान होणाऱ्या हातमोज्याने एन्सिओ पीराइनेनच्या नव्या गाडीचा उजवा दिवा पुसला. कोपरे काढले, कडा काढल्या, ट्रकवाल्याला शोभेल असा पुसला. त्या कामात त्याच्या दातांचा आवाज होत होता, तो थंडीचा म्हणता आला असता.

काच खाली गेली. आतून गरम हवेचा झोत आला.

"डावापण घे, टाउनो," एन्सिओ म्हणाला.

टाउनोने मागे वळून आपल्या गाडीकडे पाहिलं. उजव्या सीटवर हिल्का होती. मग त्याने डावापण घेतला.