घडीचा ट्रेलर

“हलवू नकोस. आहे तसा धर,” असं म्हणून नानांनी पिन चौथ्यांदा बिजागरीत घातली. वरच्या पट्टीतून ती सुळकन गेली आणि खालच्या पट्टीवर ठक्कन अडली. त्यांनी हातोडी उचलली, दोन हलके ठोके दिले, मग एक चांगला जोराचा. पिन वाकली, पण आत काही गेली नाही.

त्यांच्या पत्नी, काकू, ट्रेलरचा दुसरा अर्धा भाग पोटाशी धरून उभ्या होत्या. दंडाला रग लागली होती.

“खाली ठेवू का?”

“ठेव. वर्षभर धरलास तरी बसायचा नाही. भोकं सरळ पाच एमएमने सरकलीयेत. त्या गाढवाला आकडेच वाचता येत नाहीत.”

त्या गाढवाने, म्हणजे मिस्त्रीने, हा अर्धा भाग तिसऱ्यांदा करून पाठवला होता. प्रत्येक वेळी आधीची भोकं वेल्डिंगने बुजवायची, घासायची आणि शेजारी नवी पाडायची. नळीचं ते टोक आता देवी येऊन गेलेल्या गालासारखं दिसत होतं.

ट्रेलरची कल्पना तशी साधी होती. गाडीच्या मागे जोडायचा, काम झालं की मधोमध मिटायचा आणि चाकं काढून पाण्याची टाकी आणि पायऱ्या यांच्यामधल्या दीड फुटाच्या फटीत उभा करायचा. वजन एवढंच की दोन माणसांनी सहज उचलावा. दोन वर्षांपूर्वी गाडीच्या टपावर बांधलेली गादी भर चौकात सुटून एका सलूनच्या दारात जाऊन पडली होती. दाढी अर्धी राहिलेलं गिऱ्हाईकसुद्धा बाहेर येऊन हसलं. नानांनी गादी उचलता उचलता तिथेच ठरवलं की यापुढे या घरातलं सामान ट्रेलरमधूनच जाईल. काकूंचं म्हणणं असं की तेवढ्या दिवसांत टेम्पो सांगून अख्खी गल्ली हलवता आली असती. हे त्या दर पंधरा दिवसांनी म्हणत.

पण नाना हट्टाला पेटले होते. यंत्रांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं ते ड्राफ्ट्समन होते. अर्ध्या मिलिमीटरसाठी कुणाशीही भांडत, म्हणून पाठीमागे त्यांना ‘अर्धा एमएम’ म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं, किंबहुना आवडत होतं. त्यांच्या कागदात चूक निघाली असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. आता रविवारी लेक भाड्याच्या नव्या घरात जाणार होती. तिचं कपाट, गाद्या आणि पुस्तकांची खोकी ट्रेलरमधून जाणार हे नानांनी जावयाला, व्याह्यांना आणि विचारलं नव्हतं अशांनाही सांगून ठेवलं होतं. आज बुधवार होता आणि ट्रेलर दोन तुकड्यांत अंगणात पडला होता.

नाना तो अर्धा भाग गाडीत कोंबून तसेच मिस्त्रीच्या शेडवर गेले.

मिस्त्री पूर्वी त्याच कारखान्यात होता. विशीत लागला तेव्हा ड्रॉइंग वाचायला त्याला नानांनीच शिकवलं होतं. आता चाळिशी उलटली होती, स्वतःची शेड होती, हाताखाली दोन माणसं होती, पण नाना आले की तो अजूनही हातातली वेल्डिंगची कांडी खाली ठेवून उभा राहायचा.

“चारशे सात लिहिलं होतं,” नाना म्हणाले. “तू किती केलंस?”

मिस्त्रीने खिळ्याला लावलेला कागद काढून पाहिला. मग पट्टी लावून भोक पाहिलं. कागद परत खिळ्याला लावला.

“चुकलं साहेब. परत करून देतो.”

“तिसऱ्यांदा चुकलं.”

“हो साहेब.” तो जरा वेळ हातमोजे चोळत राहिला. “तुमच्याकडचा अर्धा भाग इकडे पाठवता का? दोन्ही एकमेकांवर ठेवतो आणि वरून सरळ भोकं मारतो. दहा मिनिटांचं काम आहे.”

नानांचा पारा चढला. “एकावर एक ठेवून संडासाच्या दाराच्या कड्या बसवतात. आपण कागदावरून काम करतो. काय शिकवलं होतं तुला मी?”

“डोकं चालवू नकोस, कागद बघ,” मिस्त्री खाली बघत म्हणाला.

“आणि कागद चुकलाय असं वाटलं तर?”

“हात थांबवायचा, वर यायचं, आकडा दुरुस्त करून घ्यायचा आणि शेजारी तुमची सही.”

“सही नाही तर?”

“दुरुस्ती नाही.”

“मग आलास का कधी सही घ्यायला? नाही ना? म्हणजे कागद बरोबर होता.” एवढं बोलून नाना अर्धा भाग तिथेच टाकून मागे फिरले. तो उलटून बोलला असता तर बरं वाटलं असतं. त्याच्या त्या ‘हो साहेब’ने त्यांची चिडचिड आणखी वाढली आणि घरी पोचेपर्यंत त्यांनी या शेडमध्ये पुन्हा पाय ठेवायचा नाही असं ठरवून टाकलं.

संध्याकाळी त्यांनी नवं ड्रॉइंग करायला घेतलं. जुन्या कागदावरून आकडा उचलायचा नाही, नव्या कागदाला नवं माप, हा त्यांचा जुना नेम. पहिल्या अर्ध्या भागाची भोकं त्यांनी स्वतः घरीच पाडली होती. त्याची नळी मांडीवर घेऊन ते पोलादी पट्टीने मापं घेऊ लागले. आधी त्यांनी बल्ब बदलला. मग पट्टी पुसली. मग हल्लीच्या पट्ट्यांवर रेघाच नीट कोरत नाहीत, सगळ्या एकमेकींत मिसळतात, असं म्हणाले. मग चष्मेवाल्याचा उद्धार झाला, कारण वर्षापूर्वी करून दिलेला चष्मा त्याने नक्कीच दुसऱ्या कुणाचा दिला होता.

“मी वाचू का?” काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“कपडा बेतायचा नाहीये.”

काकू पोळ्या लाटत राहिल्या. घरोघरचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून त्यांची वीस वर्षं गेली होती. कुणाशी किती वेळ बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं हे त्यांना त्यांच्या गिऱ्हाइकांनी शिकवलं होतं.

गुरुवारी सकाळी नानांची आंघोळ चालू असताना काकूंनी ड्रॉइंगची घडी पर्समध्ये टाकली. शेडवर जायचं काम आता त्यांच्याकडे आलं होतं. नाना बाहेर आले तेव्हा त्या अंगणात ट्रेलरजवळ उभ्या होत्या, गळ्यात शिवणाची टेप तशीच होती. “चप्पल शोधत होते,” असं म्हणाल्या आणि गेल्या.

दुपारी नाना एकटेच होते. काही सुचेना म्हणून त्यांनी तो घरचा अर्धा भाग पायरीवर उन्हात ओढला. वंगण लावायचं निमित्त होतं. भोकाच्या कडेला कचरा दिसतो का बघावं म्हणून आतून भिंग आणलं. मग हातात भिंग आहेच तर पट्टीही लावून बघावी, म्हणून लावली.

उन्हात, भिंगाखाली, रेघा सुट्या सुट्या दिसल्या. टोकापासून भोकाच्या मध्यापर्यंत चारशे बारा.

नानांनी पट्टी काढली, पुन्हा लावली. चारशे बारा. दुसऱ्या टोकाकडून मोजून वजा केलं. चारशे बारा. ते आत गेले आणि कपाटातल्या फायलीतून आतापर्यंतच्या ड्रॉइंगच्या कार्बनप्रती काढून आणल्या. पहिल्या कागदावर चारशे सतरा होतं. दुसऱ्यावर चारशे दोन. तिसऱ्यावर चारशे सात. कालच्या चौथ्यावर, सकाळीच शेडवर गेलेल्या, पुन्हा चारशे सतरा. नळी तीच, भोक तेच आणि अक्षरही त्यांचंच.

मिस्त्रीने प्रत्येक वेळी कागदाबरहुकूम भोकं पाडली होती. एकदाही चुकला नव्हता.

नाना पायरीवर बसून राहिले. पायरी तापली होती तरी उठले नाहीत. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, कारण भिंग बाजूला केलं की पट्टीवर नुसता करडा पट्टा दिसत होता आणि तो किती दिवसांपासून तसा दिसतोय हे त्यांना सांगता येत नव्हतं. मग या दोन्हींवर मात करून राग आला. कुणावर काढावा हे कळेना, म्हणून त्यांनी फाईल पायरीवर आपटली.

फोन करायला हवा होता. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी नंबर लावला, पलीकडे घंटा वाजू लागली आणि त्यांनी फोन ठेवून दिला. काय म्हणणार होते? तीन वेळा त्याला त्याच्याच शेडमध्ये झापलं होतं. बराच वेळ विचार करून शेवटी त्यांनी जे ठरवलं ते त्यांच्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यात क्षुद्र काम होतं आणि ते त्यांना ठरवतानाही कळत होतं. येऊ दे चुकीचाच. चौथ्यांदा ओरडू. मग म्हणू, या माणसाच्या हातून होत नाही, आणि ट्रेलरचा नादच सोडून देऊ. रविवारी येऊ दे टेम्पो.

काकू आल्या तेव्हा फाईल कपाटात गेली होती.

“दिला कागद?”

“दिला.”

“काय म्हणाला?”

“शनिवारी आणून देतो म्हणाला.” काकू पाणी प्यायल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या.

शुक्रवारी लेकीचा फोन आला.

“बाबा, खरं सांगा, टेम्पो सांगून ठेवू का? तुम्हाला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.”

एरवी नाना खेकसले असते. आज ते म्हणाले, “उद्या संध्याकाळी सांगतो.” “बाबाच बोलताय ना?” लेकीने विचारलं.

शनिवारी दहाच्या सुमाराला मिस्त्री स्वतः अर्धा भाग घेऊन आला. नानांनी चेहरा कठोर करून ठेवला होता. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, सगळं सकाळपासून घोकून झालं होतं. मिस्त्रीने एक बाजू धरली, काकूंनी दुसरी, आणि नानांनी पिन घेतली. त्यांना घाई नव्हती. ही पिन कुठे अडणार हे त्यांना पाच एमएमपर्यंत ठाऊक होतं.

पिन वरच्या पट्टीतून गेली, खालच्या पट्टीतून गेली आणि डोक्यापर्यंत आत बसली.

नानांनी ती बाहेर काढली आणि पुन्हा घातली. पुन्हा बसली. दुसऱ्या बाजूचीही बसली. मिस्त्रीने ट्रेलर उचलून मिटवला, तो आवाज न करता मिटला. उघडला, सपाट उघडला. काकू म्हणाल्या, “बसला एकदाचा,” आणि हात झटकले.

दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं आणि नानांना अंगणात उभं राहवेना.

“या वेळी नीट वाचलास,” ते कसंबसं म्हणाले.

मिस्त्रीने खिशातून कागद काढला. तो काकूंकडे बघत नव्हता आणि नानांकडेही नाही. “आकडा दुरुस्त होऊन आला होता साहेब. मी म्हटलं, सही असल्याशिवाय मी हात लावणार नाही. मग काकूंनी सही दाखवली.” त्याने कागद पुढे केला. “तुमचीच आहे ना?”

नानांनी कागद उन्हात धरला, मग नाकाशी आणला. चारशे सतरावर एक सरळ काट होती. वर चारशे बारा लिहिलं होतं, टापटीप, कापडावर खडूने लिहावं तसं. आणि शेजारी त्यांची छोटी सही होती. खालचा फराटा उलट्या बाजूला गेला होता. शेवटचं अक्षर जास्तच गोल होतं. कारखान्यात असली सही कुणी त्यांच्यासमोर आणली असती तर त्यांनी त्या माणसाला मॅनेजरपुढे उभं केलं असतं.

काकू ट्रेलरच्या फळीवरची न दिसणारी धूळ पदराने पुसत होत्या. पुसून झालेली जागा त्यांनी परत पुसली.

“माझीच आहे,” नाना म्हणाले.

मिस्त्रीने मान हलवली. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि निघाला. फाटकापाशी नानांनी त्याला हाक मारली. तो वळला. नानांना बरंच काही बोलायचं होतं, त्यातलं एकच बाहेर पडलं.

“भोकं चांगली पाडलीस. चारही वेळा.”

“हो साहेब,” मिस्त्री म्हणाला आणि गेला.

मग नानांनी लेकीला फोन लावून टेम्पो नको असं सांगितलं. फोन ठेवल्यावर दोघांनी मिळून ट्रेलर मिटवला आणि टाकीशेजारच्या फटीत सरकवला. तो बरोबर मावला. काकू आत जायला निघाल्या.

“ऐक,” नाना म्हणाले. ते अजून फटीकडेच बघत होते. “दुरुस्तीच्या सहीखाली तारीख लागते. पुढच्या वेळी टाकत जा.”

काकू उंबऱ्यात थांबल्या.

“आणि सही?”

“सही ठीक आहे,” नाना म्हणाले. “तारीख तेवढी टाकत जा.”